दानशूर पेढीवाले नाना शंकरशेट

कै. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट यांचे नाव आपल्या दैवज्ञ समाजात घरोघरी आदराने घेतले जाते. परंतु नाव परिचित आणि चरित्र अपरिचित अशी स्थिती तरुण मंडळींत वारंवार आढळते. मुंबईतील चौकाच्या नावात नाना आहेत, शिष्यवृत्तीच्या नावातही आहेत. मात्र त्यांनी द्रव्य कसे राखले आणि कसे वेचले, हे ठाऊक असणारे थोडे. म्हणून हा अल्प प्रयत्न.

नानांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. वडील शंकरशेट हे मुंबईतील नामांकित व्यापारी. त्यांचे १८२२ साली निधन झाले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पेढीचा व कुटुंबाचा भार नानांच्या शिरावर आला. अशा वयात हाती आलेली संपत्ती कित्येकांना बुडवते. नानांनी ती नुसती राखली नाही, तर पेढीची पत अशी वाढविली की अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या स्वाधीन करीत. परमुलखातला, परधर्माचा मनुष्य आपली आयुष्याची कमाई ज्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवितो, त्याच्या सचोटीस आणखी निराळा दाखला कशास हवा?

पैशाचा ओघ त्यांनी विद्येकडे वळविला. एतद्देशीय मुलांसाठी शाळा व शालेय पुस्तके सिद्ध करणारी संस्था मुंबईत निघाली, तेव्हापासून नाना तिचे आधारस्तंभ होते. एल्फिन्स्टन विद्यालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. १८४० साली विद्याखात्याचे मंडळ स्थापन झाले, त्यात ते सोळा वर्षे सभासद होते. येथे एक प्रसंग विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण प्रस्तुत लेखकाचे आयुष्य मराठी शाळेत गेले आहे. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा सारा कल इंग्रजीकडे होता. उच्च ज्ञान त्याच भाषेतून द्यावे असा त्यांचा आग्रह. नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते. इंग्रजी शाळांस त्यांनी मदतच केली होती. तरीही सामान्य रयतेच्या मुलापर्यंत विद्या पोचवावयाची तर ती त्याच्या मातृभाषेतूनच पोचेल, असे त्यांनी १८४७ च्या सुमारास मंडळापुढे लेखी मांडले. कर्नल जर्व्हिस, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे त्यांच्या बाजूस होते. अध्यक्ष हायकोर्टापूर्वीच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, आणि राज्य त्यांचे! अशा समयी होस हो मिळविणे किती सोपे होते, याचा वाचकांनीच विचार करावा.

स्त्रीशिक्षणाची गोष्टही अशीच. १८४९ साली विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्रीय सभेने मुलींच्या शाळा काढल्या. मुलगी शिकली म्हणजे घर बुडाले, अशी त्या काळची लोकसमजूत. नानांनी गिरगावातील स्वतःच्या वाड्याच्या आवारात शाळेला जागा दिली. देणगी दुरून देता येते. आपल्याच अंगणात शाळा भरविणाऱ्याला मात्र जातभाईंचे टोमणे रोज दारातच ऐकावे लागतात. ती शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

बाकीची कार्ये इतकी आहेत की येथे नुसता उल्लेख करतो. ग्रँट मेडिकल कॉलेज, मुंबई विद्यापीठ, राणीचा बाग यांच्या स्थापनेत त्यांचा हात होता. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अध्यक्ष होते. आगगाडी आणण्याच्या खटपटीत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या जोडीने ते अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास २१ मैल पहिली गाडी धावली. पुढे मुंबईच्या कायदेकौन्सिलातही त्यांची नेमणूक झाली.

इतके करूनही १८५७ च्या उठावात त्यांचे अंग असल्याचा संशय सरकारने घेतलाच. चौकशीत पुरावा काही सापडला नाही. त्यानंतरही सोनापूरची स्मशानभूमी शिवडीस हलविण्याचा बेत निघाला, तेव्हा गोरगरिबांना प्रेत घेऊन इतके दूर जावे लागू नये म्हणून सरकारला विरोध करण्यास ते कचरले नाहीत.

कापसाच्या सट्ट्याने फुगलेले मुंबईचे बाजार १ जुलै १८६५ रोजी कोसळले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना निवर्तले. चिरंजीव विनायकराव यांनी पित्याच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात उत्तम गुण मिळविणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. ती मिळावी म्हणून कित्येक पिढ्यांच्या मुलांनी रात्री जागविल्या. १९१२ साली ती रोह्याच्या एका वकिलाच्या मुलाने मिळविली. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्याचे नाव. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.