सलग ७ वर्षं ऑल इंग्लंड जिंकणाऱ्या हार्तोनोला आठव्या वर्षी रोखणारा डॅनिश गडी : स्वेन प्री

डेन्मार्क म्हटलं की आजच्या बॅडमिंटनप्रेमींना व्हिक्टर ॲक्सेलसन आठवतो. दोन ऑलिम्पिक गोल्ड, सहा फुटांच्या वर उंची आणि समोरच्याला घाम फोडणारा स्मॅश. पण त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी डेन्मार्कमध्ये एक माणूस असा होता, ज्याच्या वाट्याला बॅडमिंटनमधला सगळ्यात अवघड गडी आला होता. तोही एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

त्या माणसाचं नाव स्वेन प्री. आणि समोरचा गडी म्हणजे इंडोनेशियाचा रुडी हार्तोनो.

प्रीचा जन्म १९४५ चा. तेव्हा त्याचं आडनाव प्री नव्हतंच, तो होता स्वेन अँडरसन. डेन्मार्कमध्ये अँडरसन म्हणजे आपल्याकडच्या पाटलांसारखं, दर चार पावलांवर एक भेटणार. पुढे त्याने आडनाव बदललं. त्यामुळे जुन्या रेकॉर्डमध्ये घोळ होतो. ऑल इंग्लंडच्या १९६७ च्या मिक्स्ड डबल्सच्या विजेत्यांमध्ये स्वेन अँडरसन आणि उला स्ट्रँड ही जोडी दिसते. १९७१ आणि १९७२ ला विजेते म्हणून नावं येतात स्वेन प्री आणि उला स्ट्रँड. माणूस तोच, पार्टनरही तीच.

आता ऑल इंग्लंडचं एवढं कौतुक कशाला? तर त्या काळात बॅडमिंटनला वर्ल्ड चॅम्पियनशिप नव्हती आणि ऑलिम्पिकमध्येही जागा नव्हती. १८९९ पासून चालत आलेली ऑल इंग्लंड जो जिंकेल, तो जगात एक नंबर, असा साधा हिशोब होता. सामने लंडनच्या वेम्बलीतल्या एम्पायर पूलमध्ये व्हायचे. नावात पूल आहे, कारण १९३४ च्या एम्पायर गेम्ससाठी तिथे खरोखरच पोहण्याचा तलाव बांधला होता.

या स्पर्धेत डेन्मार्कचा दबदबा होता. अर्लंड कॉप्सने एकट्याने सात वेळा सिंगल्स जिंकलं होतं, शेवटचं १९६७ ला. त्याच्यानंतर कोण, या प्रश्नावर डॅनिश लोकांकडे प्रीचं नाव होतं. जोरदार स्मॅश, हरणं अजिबात न सोसणारा स्वभाव आणि तापट डोकं. सगळं जुळून आलं होतं.

पण १९६८ ला इंडोनेशियातल्या सुराबायाचा एक १८ वर्षांचा पोरगा वेम्बलीत आला आणि सगळं गणित बिघडलं. रुडी हार्तोनोने ते ऑल इंग्लंड जिंकलं. मग १९६९ चं जिंकलं. मग १९७० चं. असं करत करत १९७४ पर्यंत सलग सात.

या सातपैकी दोन फायनलमध्ये नेटच्या पलीकडे प्री होता. १९७० चा स्कोअर १५-७, १५-१. १९७२ चा १५-९, १५-४. आकडे बघूनच कळतं की लढत म्हणावी असं काही झालं नव्हतं.

त्याच १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदा दाखवलं गेलं, पण प्रात्यक्षिक खेळ म्हणून. म्हणजे खेळा, लोकांना दाखवा, पदकं मात्र तालिकेत धरली जाणार नाहीत. प्री सिंगल्सच्या फायनलला गेला आणि हरला. कुणाकडून, हे सांगायची गरज नाही. मिक्स्ड डबल्समध्येही उला स्ट्रँडसोबत फायनल गाठली. तिथे इंग्लंडच्या डेरेक टॅलबोट आणि गिलियन गिल्क्स यांनी हरवलं. एका ऑलिम्पिकमध्ये दोनदा दुसरा आणि दोन्ही वेळेला हिशोबात शून्य.

इथपर्यंतची गोष्ट वाचून प्री म्हणजे कायमचा दोन नंबर असं कुणालाही वाटेल. पण १९७३ साली जकार्तामध्ये एक वेगळी गोष्ट घडली.

थॉमस कप म्हणजे पुरुषांच्या टीमची वर्ल्ड चॅम्पियनशिप समजा. त्या वर्षी फायनलला इंडोनेशिया आणि डेन्मार्क समोरासमोर आले, तेही इंडोनेशियाच्या घरात. जकार्ताचं पब्लिक म्हणजे काय चीज आहे, हे समजायला १९६७ ची फायनल आठवावी लागते. मलेशियाविरुद्धच्या त्या फायनलमध्ये प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की मॅच थांबवावी लागली आणि शेवटी कप मलेशियाला गेला. अशा ठिकाणी, हार्तोनो राष्ट्रीय हिरो असताना, त्याच्याच लोकांसमोर प्रीने त्याला हरवलं.

डेन्मार्कने ती फायनल १-८ ने गमावली. तो एकमेव पॉइंट प्रीचा. त्या वेळी डेन्मार्कची लोकसंख्या जेमतेम ५० लाख होती आणि इंडोनेशियाची १२ कोटींच्या आसपास, त्यामुळे एकूण निकालाचं कुणाला फार आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. आश्चर्य त्या एका पॉइंटचं होतं. हार्तोनो हरू शकतो, एवढं तरी जगाला कळलं.

प्रश्न एवढाच होता की वेम्बलीत हरू शकतो का.

मार्च १९७५. हार्तोनो सलग आठव्या विजेतेपदासाठी उतरला होता, वय २५. प्री तिशीला टेकलेला. फायनलला हेच दोघं.

पुढचं समजायला तेव्हाचा नियम माहीत हवा. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट मिळतो. तेव्हा सर्व्हिस तुमच्या हातात असेल तरच पॉइंट मिळायचा, नाहीतर रॅली जिंकून फक्त सर्व्हिस मिळायची. त्यामुळे स्कोअर तासन्‌तास तिथेच अडकल्यासारखा वाटायचा आणि खेळाडूचा जीव निघायचा. गेम १५ चा. १४-१४ झाले की जो आधी १४ वर पोचला असेल त्याने ठरवायचं, एकाच पॉइंटवर निकाल लावायचा की आणखी तीन पॉइंट खेळायचे.

पहिला गेम प्रीने १५-११ असा घेतला. दुसरा गेम १७-१४ ने संपला. या आकड्यातच सगळी गोष्ट आहे. १७-१४ म्हणजे गेम १४-१४ ला अडकला, तीन पॉइंट वाढवले गेले, आणि ते तिन्ही प्रीने घेतले. हार्तोनोला त्यातला एकही मिळाला नाही. सात वर्षं हाच माणूस अशा क्षणी समोरच्याला गुंडाळायचा.

कॉप्सनंतर आठ वर्षांनी ऑल इंग्लंड सिंगल्सचा मुकुट डेन्मार्कला परत मिळाला.

पुढच्याच वर्षी हार्तोनो परत आला, फायनलला आपल्याच देशाच्या लिम स्वी किंगला हरवून आठवं टायटल घेऊन गेला. १९७५ ला प्री आडवा आला नसता तर हा आकडा सलग नऊ झाला असता.

आणि प्रीला या सगळ्याचे पैसे किती मिळाले असतील? बक्षिसाची रक्कम म्हणाल तर काहीच नाही. तेव्हा बॅडमिंटन हौशी खेळ होता, बक्षिसाच्या रकमेला परवानगीच नव्हती. स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंसाठी खुल्या व्हायला १९७९ उजाडलं, आणि तोपर्यंत प्री ३४ वर्षांचा झाला होता. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटेल.

वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या बाबतीतही तेच. पहिली स्पर्धा भरली मे १९७७ मध्ये, स्वीडनच्या माल्मोमध्ये. माल्मो म्हणजे कोपनहेगनच्या समोरचं, खाडीपलीकडचं गाव. ३२ वर्षांचा प्री तिथेही फायनलला पोचला. समोर होता डेन्मार्कचाच फ्लेमिंग डेल्फ्स, वयाने सहा वर्षांनी लहान आणि त्याच वर्षीचा ऑल इंग्लंड विजेता. डेल्फ्स बॅडमिंटनचा पहिला अधिकृत वर्ल्ड चॅम्पियन झाला. प्री पुन्हा दुसरा.

आता यात भारत कुठे येतो?

१९८० ला ऑल इंग्लंड जिंकणारे पहिले भारतीय प्रकाश पदुकोण, हे सगळ्यांना माहीत असतं. फायनलला त्यांनी लिम स्वी किंगला हरवलं, हेही बऱ्याच जणांना आठवतं. पण सेमीफायनल सहसा कुणी सांगत नाही. तिथे प्रकाश यांच्यासमोर स्वेन प्री होता. ३५ व्या वर्षी, जिंकून पाच वर्षं झाल्यावर, नव्या पिढीतल्या पोरांना मागे टाकत तो त्याच वेम्बलीत शेवटच्या चारमध्ये आला होता. प्रकाश जिंकले आणि पुढे इतिहास घडला.

त्यानंतर प्रकाश सरावासाठी कोपनहेगनला राहायला गेले. दीपिकाचा जन्म तिथलाच, १९८६ चा. तिथे ते मॉर्टन फ्रॉस्टसारख्या खेळाडूंबरोबर तयारी करायचे. याच फ्रॉस्टने १९८२ ला ऑल इंग्लंड जिंकलं. १९७५ च्या प्रीनंतर डेल्फ्स आणि डेल्फ्सनंतर फ्रॉस्ट, अशी डेन्मार्कची रांग चालू राहिली.

फ्रॉस्टच्या त्या विजयानंतर वर्षभराने, जून १९८३ मध्ये स्वेन प्री गेला. वय फक्त ३८.

बॅडमिंटन ऑलिम्पिकमध्ये पदकासह आलं १९९२ च्या बार्सिलोनात. डेन्मार्कचं पहिलं बॅडमिंटन गोल्ड १९९६ ला पॉल-एरिक होयर लार्सनने आणलं. थॉमस कपसाठी मात्र डेन्मार्कला २०१६ पर्यंत थांबावं लागलं. फायनलला समोर इंडोनेशियाच होता आणि निकाल लागला ३-२.