बर्फाच्या लाद्या वाहणाऱ्या पोराच्या जिवावर अख्खी लीग काढली, पण ती एका हंगामातच बुडाली

पुण्याच्या नावावर अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं एक विजेतेपद आहे, हे पुण्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

२०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा जाहीर झाली. माईक डिटका, कर्ट वॉर्नर अशी अमेरिकेतली मोठी नावं तिच्या पाठीशी होती. पहिल्या हंगामात पुणे मराठाज या टीमनं फायनलला दिल्ली डिफेंडर्सला हरवून विजेतेपद मारलं. पण पुढे ही लीग हळूहळू दिसेनाशी झाली. चॅम्पियन पुणेकर झाले आणि चॅम्पियनशिपच राहिली नाही.

पण नवी लीग वाजतगाजत येते आणि गुपचूप जाते, हे या खेळाला नवीन नाही. खुद्द अमेरिकेत अशा लीग बुडण्याची परंपरा जवळपास शंभर वर्षं जुनी आहे आणि तिची सुरुवात एका माणसापासून होते. त्याचं नाव हॅरोल्ड ग्रेंज. केसांच्या तांबूस रंगामुळं सगळे त्याला रेड ग्रेंज म्हणायचे.

रेडचा जन्म १३ जून १९०३ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फोर्क्सव्हिल गावचा. तो पाच वर्षांचा असताना आई गेली. वडील मुलांना घेऊन शिकागोजवळच्या व्हीटन गावात आले आणि पुढे तिथल्या पोलिसांचे प्रमुख झाले. घरात पैसा बेताचाच. त्या काळी घरोघरी फ्रिज नव्हते, बर्फ विकत घ्यावा लागायचा. रेड सुट्टीत बर्फाच्या गाडीवर कामाला जायचा आणि खांद्यावरून लाद्या वाहून लोकांच्या घरात पोहोचवायचा. या कामानं त्याचं अंग असं काही कमावलं गेलं की पुढे जिमची गरजच पडली नाही. स्टार झाल्यावरही तो उन्हाळ्यात बर्फ वाहायला जायचा. त्यामुळं व्हीटनचा बर्फवाला हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

आता हा खेळ थोडक्यात समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल लंबगोल असतो आणि तो पायापेक्षा हातातच जास्त असतो. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. बॉल घेऊन समोरच्या टोकापर्यंत पळायचं, वाटेत समोरचे अंगावर येऊन पाडणार. टोक गाठलं की टचडाउन. कबड्डीतला रेडर पकडीतून निसटून मध्यरेषेकडे झेपावतो, तसंच. फक्त इथं मध्यरेषा शंभर यार्ड लांबही असू शकते.

रेड ग्रेंज असा निसटण्यात उस्ताद होता. इलिनॉय विद्यापीठाकडून खेळताना त्यानं १८ ऑक्टोबर १९२४ ला मिशिगनविरुद्ध जे केलं, ते आजही सांगितलं जातं. मॅच सुरू झाली तोच त्यानं बॉल घेतला आणि ९५ यार्ड पळून टचडाउन केला. त्यानंतर ६७ यार्ड, मग ५६, मग ४४. पहिल्या १२ मिनिटांत चार टचडाउन! इलिनॉयनं ती मॅच ३९-१४ अशी जिंकली. पेपरवाले त्याला गॅलपिंग घोस्ट, म्हणजे चौखूर उधळणारं भूत म्हणायला लागले. ७७ नंबरची त्याची जर्सी देशभर ओळखीची झाली.

आता इथून पुढं पैशाचा विषय सुरू होतो.

त्या काळी अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलला मान होता. पैसे घेऊन खेळणं हलकं समजलं जायचं. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आजची एनएफएल, १९२० मध्ये सुरू झाली होती, पण तिच्या टीम येत होत्या आणि बुडत होत्या. साध्या खेळाडूला एका मॅचचे १०० डॉलरच्या आसपास मिळायचे.

अशात रेडला भेटला सी. सी. पाइल. हा इलिनॉयमधला थिएटरवाला. लोक तिकीट कशाचं काढतात हे त्याला बरोबर कळायचं. त्यानं रेडचा एजंट व्हायचं ठरवलं आणि शिकागो बेअर्सचा मालक जॉर्ज हलास याच्याशी बोलणी केली. नोव्हेंबर १९२५ मध्ये कॉलेजची शेवटची मॅच संपली आणि लगेच रेडनं बेअर्सशी करार केला. कॉलेजचे कोच बॉब झुप्की यांना हे अजिबात पटलं नाही. दोघांमध्ये काही वर्षं अबोला राहिला.

पण लोकांनी तिकिटासाठी रांगा लावल्या. शिकागोतल्या पहिल्या मॅचला सुमारे ३६ हजार लोक आले. ६ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये जायंट्सविरुद्ध मॅच झाली, तेव्हा ६५ हजारांहून जास्त. जायंट्सचा मालक टिम मारा तोट्यात बुडाला होता, त्या एका दिवसानं तो वर आला. बेअर्सनं रेडला घेऊन देशभर दौरा केला. सुमारे ६७ दिवसांत १९ सामने. खेळाडूंची अंगं सुजली, पण गल्ला भरला. रेडच्या हातात सुमारे एक लाख डॉलर पडले, असं सांगतात.

मग प्रश्न आला तो हिश्शाचा.

पाइलचं म्हणणं असं, की गर्दी रेडमुळं येते, मग बेअर्समध्ये रेडला आणि मला भागीदारी द्या. हलासनं नकार दिला. पाइल तिथून थेट न्यूयॉर्कला गेला. त्यानं यांकी स्टेडियम भाड्यानं घेतलं आणि एनएफएलकडे न्यूयॉर्कची दुसरी टीम मागितली. आता आडवा आला टिम मारा. न्यूयॉर्क शहराचे हक्क त्याच्याकडे होते आणि ज्या रेडनं त्याला तारलं, त्यालाच दारात उभं करायला तो तयार नव्हता.

तेव्हा पाइलनं सरळ स्वतःची लीग काढली. नाव ठेवलं अमेरिकन फुटबॉल लीग. १९२६ मध्ये नऊ टीम उतरल्या. न्यूयॉर्क यांकीज ही पाइल आणि रेडची स्वतःची टीम. शिवाय फिलाडेल्फिया क्वेकर्स, शिकागो बुल्स, बोस्टन, ब्रुकलिन, नेवार्क, क्लीव्हलँड, तर रॉक आयलंडची टीम एनएफएल सोडून आली. नववी टीम नावाला लॉस एंजेलिसची, पण ती सगळे सामने बाहेरगावीच खेळायची.

एनएफएलही गप्प बसली नाही. मोक्याची शहरं नव्या लीगच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी आपल्या टीम वाढवून २२ वर नेल्या. दुसरं म्हणजे, ज्या विद्यार्थ्याच्या बॅचचं शिक्षण पूर्ण झालेलं नाही त्याला टीममध्ये घ्यायचं नाही, असा नियम केला. म्हणजे पुन्हा कुणी रेडसारखा कॉलेजमधून उचलू नये.

नव्या लीगचं दुखणं मात्र बाहेर नव्हतं, आतच होतं. रेड ज्या गावात खेळायचा तिथं लोक यायचे. पण एका वेळी तो एकाच मैदानात असणार. उरलेल्या टीमनी आपापसात खेळायचं तर त्या मॅचला तिकीट कोण काढणार? त्यात १९२६ चा तो हंगाम पावसानं धुऊन काढला. खर्च तेवढाच, गल्ला रिकामा. ऑक्टोबर संपायच्या आतच टीम गळायला लागल्या. हंगाम संपला तेव्हा नऊपैकी चारच उभ्या होत्या.

विजेतेपद मिळालं फिलाडेल्फिया क्वेकर्सला. त्यांनी डिसेंबरमध्ये एनएफएलच्या जायंट्सशी मॅच ठरवली. जायंट्स त्यांच्या लीगमध्ये सातव्या नंबरवर होते. बर्फात झालेल्या त्या मॅचमध्ये चॅम्पियन क्वेकर्स ३१-० असे हरले. पाइलच्या लीगचा शेवट तिथंच झाला.

रेडची यांकीज टीम १९२७ मध्ये एनएफएलनं आपल्यात घेतली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तेही बेअर्सविरुद्धच खेळताना, रेडचा गुडघा गेला. १९२८ चा पूर्ण हंगाम तो मैदानाबाहेर होता आणि यांकीज टीमही बंद पडली. पाइलनं नंतर लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी पळण्याची शर्यत भरवली, तिच्यातही तो पैसे हरला. १९३९ मध्ये तो वारला.

रेड १९२९ मध्ये परत हलासकडे बेअर्समध्ये आला. पूर्वीसारखी कट मारणं आता जमत नव्हतं. म्हणून तो बचावात खेळायला शिकला. १९३३ च्या फायनलला बेअर्स २३-२१ असे पुढे होते आणि शेवटच्या क्षणी जायंट्सचा खेळाडू बॉल घेऊन सुटला होता. शेजारी त्याचा साथीदार पळत होता, पाय धरला असता तर बॉल तिकडे गेला असता. रेडनं हे ओळखलं आणि त्याला बॉलसकट वरूनच मिठी मारली. मॅच तिथंच संपली. आयुष्यभर निसटून पळणाऱ्या माणसानं बेअर्सला विजेतेपद मिळवून दिलं ते एका पकडीवर.

१९३४ नंतर त्यानं खेळ सोडला. मग रेडिओवर आणि टीव्हीवर कॉमेंट्री केली. १९६३ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव आलं. २८ जानेवारी १९९१ ला फ्लोरिडात तो वारला, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता.

त्याच्या लीगचं नाव घेऊन १९३६ आणि १९४० मध्ये आणखी दोन लीग निघाल्या, त्याही बुडाल्या. टिकली ती १९६० ची. तिनं टीव्हीच्या करारातले पैसे सगळ्या टीममध्ये सारखे वाटले, त्यामुळं एखाद्या शहरातलं स्टेडियम रिकामं राहिलं तरी टीम तग धरायची. शेवटी एनएफएललाच तिला आपल्यात विलीन करून घ्यावं लागलं.

आपल्याकडे २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग आली, तेव्हाही असंच घडलं. बीसीसीआयनं खेळाडूंवर बंदी घातली, पुढच्याच वर्षी आयपीएल आणली आणि २००९ मध्ये बंडखोरांना माफी देऊन परत घेतलं. लीग संपली, पण टी-ट्वेंटीला गर्दी होते हे ती सगळ्यांना दाखवून गेली.

रेड ग्रेंजच्या बाबतीतही तेच झालं. लोक पैसे देऊन फुटबॉल बघायला येतात हे त्यानं सिद्ध केलं आणि त्याचा फायदा झाला तो ज्यांनी त्याला हिस्सा नाकारला त्यांनाच. बेअर्स आणि जायंट्स या दोन्ही टीम आजही एनएफएलमध्ये खेळतात. एका खेळाडूच्या नावावर स्टेडियम भरता येतं, पण लीग चालायला तो नसतानाही लोक येतील अशा आठ-नऊ टीम लागतात. त्या उभ्या करायला पाइलकडे वेळ नव्हता, आणि रेडचे उमेदीचे दिवस त्या गडबडीत खर्च झाले.