बर्फातला डोंगर अन् आपला उडीद

उन्हाळा लागला की आपल्या अकोला-अमरावतीकडे गच्चीगच्चीवर उडदाचे पापड वाळताना दिसतात. शेती असलेल्या घरात ‘टीएयू-१’ हे उडदाचं वाण ठाऊक असतं, पण त्या अक्षरांचा अर्थ विचारा, कुणी सांगत नाही. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे आपलं अकोला आणि यू म्हणजे उडीद. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेलं हे वाण १९८५ साली आलं. बियाण्यावर किरणांचा मारा करून त्यात बदल घडवायचा आणि त्यातून चांगलं रोप निवडायचं, अशी ही रीत. भुईमुगाचं ‘टीएजी-२४’ही असंच ट्रॉम्बे आणि अकोल्याचं.

ज्यांच्या नावाचं हे केंद्र, ते डॉ. होमी भाभा मात्र पार परदेशातल्या बर्फाच्या डोंगरात गेले.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरात त्यांचा जन्म झाला. घरच्यांना वाटे, मुलानं इंजिनिअर व्हावं. म्हणून १९२७ साली केंब्रिजला धाडलं. पोरानं वडिलांचा शब्द पाळून ती परीक्षा पहिल्या वर्गात दिली, अन् मग आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळला. चित्रं सुरेख काढायचे, पाश्चात्य संगीताचं वेड होतं. लग्न केलं नाही. १९३९ मध्ये सुटीवर घरी आले, तोच महायुद्ध पेटलं आणि परतायचं राहून गेलं. ही सुटी देशाच्या फारच कामी आली! आधी बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम केलं, मग टाटा ट्रस्टच्या मदतीनं १९४५ मध्ये स्वतःची संशोधन संस्था उभी केली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. झाडं तोडायला त्यांचा सक्त विरोध असे.

२४ जानेवारी १९६६. दिल्लीत त्या दिवशी इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी होता. भाभा व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे विमान जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना माँ ब्लाँ या युरोपातल्या उंच शिखरावर आदळलं. आपण डोंगर ओलांडला, असा वैमानिकाचा समज झाला होता. विमानातले सगळे ११७ जण गेले. घातपाताच्या गोष्टी आजही ऐकू येतात, पण चौकशीत निघालं ते हेच. आणि दैव कसं बघा, १९५० मध्ये एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ याच डोंगरावर कोसळून ४८ जण गेले होते. त्यात बरेचसे बोटीवर नोकरीला निघालेले आपले खलाशी होते.

तिथला बर्फ नदीसारखा, पण अगदी सावकाश खाली सरकतो आणि पोटातलं वर्षांनी बाहेर टाकतो. २०१२ मध्ये आपल्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये त्या दिवसांतली भारतीय वर्तमानपत्रं मिळाली, इंदिराजींच्या निवडीचे मथळे असलेली.

आपल्याकडेही हेच घडलंय. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंडीगडहून लेहला निघालेलं वायुसेनेचं विमान रोहतांगजवळच्या बर्फात हरवलं. त्यात १०२ जण होते. पहिला माग लागला २००३ मध्ये, आणि २०२४ मध्ये आणखी चार देह सापडले. इतक्या वर्षांत किती आया अन् किती बायका वाट बघत गेल्या असतील! कपाळाचं कुंकू पुसावं की ठेवावं, हेही ज्यांना कळत नाही, त्यांचं दुःख आपण बायाच जाणू शकतो.

१९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं. मलबार हिलवरचा त्यांचा ‘मेहरानगीर’ बंगला मात्र राहिला नाही. त्याचं स्मारक करावं म्हणून अणुकेंद्राचे कर्मचारी कोर्टात गेले होते. तरी २०१४ मध्ये ३७२ कोटींना त्याचा लिलाव झाला अन् २०१६ मध्ये तो पाडला. मला तर हे फार लागलं. पापड लाटताना आमच्या गटातल्या बायांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा लाट्या करणाऱ्या काकूंचे हात जरा वेळ थांबले. मग त्यांनी पिठाच्या गोळ्याकडे पाहिलं, आणि त्या थैलीतली पत्रं पुढे कुणाला पोचली का, तेवढंच विचारलं.