बरोबरीचा राजा : कार्ल श्लेख्टर

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की बघणारे हिरमुसतात. दोघेही अंग राखून खेळले, असे आपण सहज म्हणून टाकतो. हे म्हणणे किती अन्यायाचे ठरू शकते, ते व्हिएन्नाच्या कार्ल श्लेख्टर यांच्या आयुष्यावरून कळते.

श्लेख्टर यांचा जन्म २ मार्च १८७४ रोजी व्हिएन्ना येथे झाला. तेराव्या वर्षाच्या सुमारास ते बुद्धिबळ शिकले आणि विशीच्या आतच शहरातल्या नामवंतांच्या पंक्तीला बसले. १८९३ साली गेओर्ग मार्को यांच्याशी त्यांचा सामना झाला. त्यातले दहाच्या दहा डाव बरोबरीत सुटले! तेव्हापासून हा शिक्का त्यांच्यावर बसला तो कायमचाच. प्रत्यक्षात १९०६ साली ओस्टेंडची मोठी स्पर्धा त्यांनी जिंकली, तर १९०८ साली व्हिएन्ना आणि प्राग या दोन्ही ठिकाणी पहिला क्रमांक विभागून मिळवला. स्वभाव अतिशय सौम्य. प्रतिस्पर्धी आजारी दिसला तर ते आपणहून बरोबरी देऊ करीत. तो उशिरा आला तर तेवढाच वेळ गुपचूप आपल्याही घड्याळातून कमी करीत.

१९१० च्या जानेवारीत ते जगज्जेत्या इमॅन्युएल लास्कर यांच्यासमोर बसले. १८९४ पासून किताब लास्कर यांच्याकडे होता. सामना अवघ्या दहा डावांचा, निम्मा व्हिएन्नात आणि निम्मा बर्लिनमध्ये. पहिल्याच डावाच्या शेवटी पटावर हत्ती आणि प्यादी उरली, आणि श्लेख्टर यांच्याकडे एक प्यादे जास्त होते. लास्कर यांचा हत्ती कमजोर प्याद्याच्या राखणीत अडकला होता. राखण करीत बसले असते तर ते हळूहळू हरले असते. त्यांनी ते प्यादेही सोडून दिले आणि हत्ती मोकळा केला. दोन प्याद्यांची उणीव मोकळ्या हत्तीने भरून काढली आणि डाव बरोबरीत सुटला. हत्ती-प्याद्यांच्या खेळात प्याद्याच्या संख्येपेक्षा हत्तीची मोकळीक मोठी, हे शिकवायला हा डाव आजही दाखवला जातो. अंग राखून खेळल्याचा यात मागमूसही नाही.

पुढचे तीन डावही बरोबरीत गेले. पाचव्यात लास्कर यांची बाजू वरचढ होती, पण त्यांची चूक झाली आणि श्लेख्टर जिंकले. नंतरचे चार डाव पुन्हा बरोबरीत. दहावा डाव सुरू झाला तेव्हा श्लेख्टर एका गुणाने पुढे होते. किताबासाठी दोन गुणांच्या आघाडीची अट होती का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण आणखी एक बरोबरी झाली असती तर सामना त्यांचाच होता.

हा शेवटचा डाव तीन दिवस चालला. ज्यांना बरोबरीचा राजा म्हणत, त्या श्लेख्टर यांनी नेमक्या याच डावात हत्तीचा बळी देऊन हल्ला चढवला. त्यानंतरही बरोबरी हाताशी होती. वजिराने शह देताना त्यांनी घर चुकीचे निवडले. दुसऱ्या घरावरून शह दिला असता तर डाव वाचला असता, हे पुढे विश्लेषणातून दिसून आले. लास्कर यांनी चिकाटीने ७१ व्या चालीपर्यंत झुंजून डाव जिंकला. सामना ५-५ असा बरोबरीत सुटला आणि किताब लास्कर यांच्याकडेच राहिला.

श्लेख्टर यांनी त्याचा बाऊ केला नाही. त्याच वर्षी त्यांनी हॅम्बुर्गची स्पर्धा जिंकली. पुढे बिल्गुएरच्या प्रसिद्ध बुद्धिबळ-ग्रंथाची आठवी आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. हजारावर पानांचे हे काम १९१६ पर्यंत चालले. पण महायुद्धाने स्पर्धा थांबल्या, मिळकत आटली, व्हिएन्नात अन्नाची टंचाई झाली. १९१८ च्या अखेरीस ते बुडापेस्टला होते. आपली उपासमार त्यांनी कुणाला कळू दिली नाही. २७ डिसेंबर १९१८ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४४.

दुसऱ्याला अडचणीत पाहून बरोबरी देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या अडचणीत कुणापुढे हात पसरला नाही. लास्कर यांच्याशी झालेल्या त्या आठ बरोबऱ्या मात्र नीट जपल्या गेल्या आहेत. घरात पट असेल तर त्यातला पहिला डाव मुलांना मांडून दाखवावा. अर्धा गुण किती कष्टाने मिळतो, ते त्यांना आपसूक कळेल.