माळावरची वसाहत

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) नांगरासाठी ओळखले जातात; त्यांनी वसविलेल्या घरांची आठवण क्वचितच निघते. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ दिला. तेथे निवडुंग आणि साप यांचेच राज्य होते. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर खपतीलच याची शाश्वती नव्हती. तरीही १९१० साली कामगारांची कुटुंबे या माळावर आली. लक्ष्मणरावही सहकुटुंब तेथेच राहिले. धोका एकट्या कामगाराच्या माथी आला नाही, हे त्या वसाहतीचे खरे मोल. वस्तीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. राखणदारीस तर शिक्षा भोगून आलेलेच नेमले! आज सांगली जिल्ह्यातील ते स्थानक किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाते.