निळोबाराय : देहातीत गुरूचा शोध

वारकरी संतवाङ्मयाचा इतिहास तुकोबांच्या निर्याणापाशी आणून थांबविण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. परिणामी निळोबांचे चरित्र बहुधा एखाद्या परिच्छेदात उरकले जाते. वास्तविक त्यात एक मूलगामी प्रश्न दडलेला आहे. ज्याच्याकडून सत्य जाणून घ्यावयाचे तो देहाने उरलाच नसेल, तर साधकाने शोध कोठे करावयाचा?

निळोबांचे घराणे मकाशीर, कुलकर्णीपणाची वृत्ती असलेले. घोड नदीकाठचे शिरूर हे या घराण्याचे पूर्वस्थान म्हणून परंपरेने सांगितले जाते. निळोबांची कर्मभूमी मात्र नदीपलीकडे, आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात, पिंपळनेर येथे. हीच घोड पुढे भीमेस मिळते आणि दौंडच्या काठाने गेलेली भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. ऐन पूजेच्या वेळी सरकारी बोलावणे आले आणि निळोबांनी वृत्तीच सोडली, अशी कथा आहे. गावचे दप्तर म्हणजे उपजीविका आणि प्रतिष्ठा दोन्ही, हे ध्यानात घेतल्यास या त्यागाचे मोल कळते.

तुकोबांचे निर्याण शके १५७१ मधील. निळोबांना त्यांचा सहवास लाभला नाही. देहूशी त्यांचा संबंध आला तो तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांच्यामुळे, असे परंपरा सांगते. आणि नारायणबाबांचा जन्मही पित्याच्या निर्याणानंतरचा. म्हणजे सांगणारा व ऐकणारा दोघांनीही तुकोबांना पाहिलेले नव्हते! तरीही निळोबांनी तुकोबांच्या भेटीसाठी अन्नपाणी वर्ज्य केले. प्रत्यक्ष विठ्ठल प्रकटला तेव्हा आपण त्यास बोलाविलेच नव्हते, असे सांगून त्यांनी तुकोबांचाच आग्रह धरला. अखेर तुकोबांनी दर्शन देऊन अनुग्रह केला, अशी ही आख्यायिका आहे. चमत्कार म्हणून ती बाजूस सारणे सोपे आहे. पण तिचा रोख वेगळा आहे. ज्याने माणूस म्हणून संसारात पोळून सत्य पडताळून पाहिले, त्याच्याकडूनच ते घ्यावे, ही निळोबांची भूमिका प्रस्तुत लेखकास त्यात स्पष्ट दिसते.

बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला. परंतु तेव्हा तुकोबा हयात होते व पुढे देहूस त्यांचे दर्शन घडले. निळोबांना असा आधार नव्हता. त्यांच्या हाती होती ती अभंगवाणी. त्यांच्या रचनेवर तुकोबांची दाट छाया आहे, हा आक्षेप रास्तच आहे; केवळ काव्यगुणांच्या तुलनेत निळोबा उणे ठरतात. मात्र त्यांनी चांगदेवाचे चरित्र अभंगबद्ध करावे, हे मार्मिक आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेला हा सिद्ध अखेर मुक्ताबाईसारख्या कोवळ्या मुलीस शरण गेला. आयुष्य केवढे, यापेक्षा ते कोणापाशी नमले, हा प्रश्न निळोबांना अधिक जिव्हाळ्याचा वाटला असावा.

पुढे शिऊरचे शंकरस्वामी हे निळोबांचे शिष्य झाले. (वैजापूर तालुक्यातील, बहिणाबाईंच्या समाधीचे हे शिऊर आणि घोडनदीचे शिरूर यांत नामसाम्यामुळे गल्लत होऊ देऊ नये.) शंकरस्वामींकडून ही परंपरा मल्लाप्पा वासकरांकडे आली व वासकरांच्या फडातून ती वारीत स्थिरावली. पिंपळनेरहून निळोबारायांची पालखी आजही आषाढीस पंढरपुरास जाते.