पेटीच्या झाकणातला मंत्री

1980 च्या दशकाच्या अखेरीस मी कुरखेड्याला बँकेत होतो. बाजारात मासळी विकणारा एक बंगाली म्हातारा कर्जासाठी आला आणि त्याने पत्र्याच्या पेटीतून आधी काढला तो 1964 साली सीमा ओलांडल्याचा कागद. कर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण तो दाखवल्याशिवाय म्हाताऱ्याला बोलायलाच सुचत नसावे. झाकणाला आतून एक फोटो चिकटवला होता. जोगेंद्रनाथ मंडल यांचा.

आपल्याला हे नाव माहीत आहे ते बाबासाहेबांमुळे. 1946 साली त्यांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात हे नमःशूद्र पुढारी आघाडीवर होते. जन्म 1904 चा, बारिसाल जिल्ह्यातला. गरीब मुसलमान शेतकरी आणि आपली माणसे यांचे सुखदुःख एकच, हे त्यांचे गणित. त्या हिशेबाने ते मुस्लिम लीगबरोबर गेले आणि पाकिस्तानचे पहिले कायदा व मजूर मंत्री झाले. गणित चुकले. 1950 च्या दंगलींत खुद्द बारिसाल होरपळले आणि मंत्र्याचे कोणी ऐकेना. 8 ऑक्टोबर 1950 रोजी त्यांनी राजीनामा दिला तो कलकत्त्यातून. कायदामंत्रीच निर्वासित झाला!

लोक इथे थांबतात. मला मात्र त्यांची पुढची 18 वर्षे मोठी वाटतात. सरकारने निर्वासितांची तारखांवरून वाटणी केली होती. 31 मार्च 1958 पर्यंत आलेला तो जुना. त्यानंतर 1963 अखेरपर्यंत आलेल्याला मदतच नाही; जणू त्या पावणेसहा वर्षांत तिकडे कुणाचे घर जळले नाही. 1 जानेवारी 1964 पासूनचा तो नवा, पण मदत हवी तर त्याने पश्चिम बंगाल सोडायचा. मग रायपूरजवळची माना छावणी, दंडकारण्य, नाहीतर आमचा चांदा जिल्हा. तारखेवरून व्याज लावण्यात माझा जन्म गेला. माणसाला असे लावता येते हे मला त्या कागदाने शिकवले. निर्वासितांना बंगालबाहेर धाडण्याविरुद्ध 1958 च्या आंदोलनात मंडल उतरले होते. पुढे निवडणुकांत पडले. सीमेलगतच्या बनगावात 5 ऑक्टोबर 1968 रोजी गेले.

म्हाताऱ्याने अर्जात अनुसूचित जात लिहिली होती. बंगालच्या यादीत नमःशूद्र आहेत, महाराष्ट्राच्या नाहीत. एवढे त्याला समजावता समजावता दुपार झाली. तो रकाना मी माझ्या हाताने खोडला, कर्ज साध्या व्याजदराने मंजूर केले. त्याने अंगठा उठवला, कागद पेटीत ठेवला आणि झाकण हलकेच लावले.